लेखा सॉफ्टवेअर, एक्सेल आणि डेटाबेस यांची जोडणी : वाचायचे कोठून आणि लिहायचे कोठे?

वहीखाते (धागाकर्ती)

नमस्कार. आमच्या कार्यालयात विक्री, साठा आणि येणे बाकी यांच्या सर्व नोंदी एका व्यवसाय-व्यवस्थापन सॉफ्टवेअरमध्ये होतात, परंतु रोजचे काम मात्र त्याच्या बाहेर चालते. रोज सकाळी मी येणे बाकीचा अहवाल एक्सेलमध्ये काढते आणि त्यात वसुलीच्या तारखा व शेरे लिहिते. माल रवाना करणारे सहकारी तीच यादी अ‍ॅक्सेसच्या एका जुन्या डेटाबेसमध्ये घेतात आणि स्मरणपत्रे वर्डमधून मेल मर्जने, म्हणजे एकाच नमुन्यात यादीतील नावे-रकमा आपोआप भरून, निघतात. ग्राहकाचे नाव, पत्ता आणि उधारीची मुदत अशा चार ठिकाणी आहेत, आणि चारही ठिकाणी त्या बदलल्या जातात.

गेल्या महिन्यात, ज्या ग्राहकाने पूर्ण रक्कम भरली होती त्यालाच आमच्याकडून थकबाकीचे पत्र गेले. कारण शोधण्यात दोन दिवस गेले. दोन ग्राहकांचे कोड ‘००४२’ आणि ‘४२’ असे होते. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ते वेगळे होते, पण एक्सेलने पहिल्या कोडमधील शून्ये गाळली आणि व्हीलूकअपने, म्हणजे कोड जुळवून माहिती शोधणाऱ्या सूत्राने, दोघांची बाकी एकच मानली. ते पत्र माझ्या सहीने गेले होते, म्हणून हा प्रश्न मला मुळापासून सोडवायचा आहे.

सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या तंत्रज्ञांचे म्हणणे असे, की डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस-प्रणालीवर असल्यामुळे त्याचा प्रशासकीय पासवर्ड घेऊन एक्सेल आणि अ‍ॅक्सेस थेट जोडावेत, म्हणजे एकीकडे केलेला बदल सगळीकडे आपोआप दिसेल. हा मार्ग योग्य आहे का? ज्यांनी अशी जोडणी केली आहे आणि काही वर्षे चालवली आहे, त्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

दुवा

आपला प्रश्न वास्तविक दोन वेगळ्या प्रश्नांचा आहे आणि त्यांची उत्तरे परस्परविरुद्ध आहेत. डेटाबेसमधून थेट वाचणे हा उत्तम मार्ग आहे. डेटाबेसमध्ये थेट लिहिणे कटाक्षाने टाळावे. प्रशासकीय पासवर्डने जोडणी केली, की हे दोन्ही मार्ग एकाच वेळी उघडतात आणि पुढे कोणी कोणता वापरला हे कळत नाही.

थेट लिहिण्यात काय बिघडते, ते एका बीजकाच्या उदाहरणाने सांगतो. पडद्यावर आपण एक बीजक जतन करतो, तेव्हा सॉफ्टवेअर बीजकाच्या शीर्षाची एक ओळ लिहिते, मालाच्या प्रत्येक प्रकाराची स्वतंत्र ओळ लिहिते, साठ्यातून नग वजा करते, ग्राहकाच्या आणि विक्रीच्या खात्यात दुहेरी नोंद करते, कराच्या तक्त्यात भर घालते, पुढचा अनुक्रमांक राखून ठेवते आणि कोणी केव्हा काय केले याची नोंद ठेवते. हे सर्व एकाच व्यवहारात घडते, म्हणजे सगळे होते किंवा काहीच होत नाही. अ‍ॅक्सेसमधून बीजकाच्या तक्त्यात एक ओळ घातली, तर या सातांपैकी एकच गोष्ट घडते. बीजक दिसू लागते, साठा मात्र तसाच राहतो, आणि ही चूक वर्षअखेरीस ताळेबंद जुळत नाही तेव्हा लक्षात येते.

ज्या सॉफ्टवेअरचा डेटाबेस पूर्णपणे खुला आहे, तेथेही हेच लागू पडते. ओडू आणि ईआरपीनेक्स्ट ही अशी दोन व्यवसाय-सॉफ्टवेअर. ओडू पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसवर चालते आणि ईआरपीनेक्स्ट सहसा मारियाडीबीवर. दोन्हींचा आराखडा कोणालाही पाहता येतो, परंतु नियम डेटाबेसमध्ये नसून त्याच्या वर बसलेल्या पायथन भाषेत लिहिलेल्या थरात असतात. तो थर ओलांडून आत गेलात, तर नियमही मागे राहतात. म्हणून लिहिण्यासाठी सॉफ्टवेअरने दिलेलाच दरवाजा, म्हणजे एपीआय, वापरावा. ओडूला एक्सएमएल-आरपीसी आहे, ईआरपीनेक्स्टला रेस्ट एपीआय आहे, एसएपी बिझनेस वनला डीआय एपीआय आणि सर्व्हिस लेयर आहे. टॅलीप्राइम स्वतःच सर्व्हर म्हणून चालू शकते. तिच्या सेटिंगमध्ये एक पोर्ट, म्हणजे जोडणीच्या दाराचा क्रमांक, दिलेला असतो, सहसा ९०००. तिच्यातील लेजर एक्सेलमधून ओडीबीसी या जोडणीच्या व्यवस्थेने वाचता येतात, पण व्हाउचर आत घालायचे असेल, तर ओडीबीसी चालत नाही; त्यासाठी त्याच पोर्टवर एक्सएमएल, म्हणजे खुणांनी मांडलेला मजकूर, पाठवता येतो. वाचण्याची वाट आणि लिहिण्याची वाट तेथे मुळातच वेगळी ठेवली आहे, आणि मला ती रचना विचारपूर्वक केलेली वाटते.

आपण तंत्रज्ञांकडे पासवर्ड मागू नका, एक स्वतंत्र लॉगिन मागा. त्याला फक्त वाचण्याचा अधिकार असावा, आणि तोही मूळ तक्त्यांवर नव्हे, तर आपल्यासाठी तयार केलेल्या तीन-चार व्ह्यूंवर, म्हणजे तक्त्यांतील निवडक माहितीच दाखवणाऱ्या खिडक्यांवर. एक्सेलच्या जोडणीत पासवर्ड जतन केला, तर तो वाचता येईल अशा रूपात त्याच फाइलमध्ये राहतो. ती फाइल ईमेलने कोणाकडे गेली, की किल्लीही तिच्याबरोबर जाते.

पायरी

‘दुवा’ यांच्या म्हणण्याला दुजोरा देऊन जोडणीच्या वेळी हमखास येणारी एक अडचण आधीच सांगून ठेवतो, कारण माझे या एका गोष्टीत दीड दिवस गेले होते.

ओडीबीसी ही व्यवस्था मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये आणली. कोणत्याही प्रोग्रामला कोणत्याही डेटाबेसशी एकाच पद्धतीने बोलता यावे, हा तिचा उद्देश होता, आणि त्यासाठी मध्ये एक दुभाषा, म्हणजे ड्रायव्हर, लागतो. हा ड्रायव्हर ३२ बिटचा असतो किंवा ६४ बिटचा, आणि तो विंडोजशी नव्हे, तर एक्सेलशी जुळावा लागतो. संगणक ६४ बिटचा असूनही ऑफिस ३२ बिटचे बसवलेले असू शकते. अशा वेळी ६४ बिटचा ड्रायव्हर नीट बसतो, त्याची चाचणीही यशस्वी होते, आणि एक्सेल मात्र असा कोणताही स्रोत नाही असे सांगते.

गोंधळात भर म्हणजे ओडीबीसीच्या व्यवस्थापनाचे दोन्ही प्रोग्राम एकाच नावाचे आहेत आणि त्या नावाच्या शेवटी ३२ हा आकडा आहे. ६४ बिटचा प्रोग्राम ‘सिस्टिम३२’ या फोल्डरमध्ये असतो आणि ३२ बिटचा ‘सिसवाऊ६४’ या फोल्डरमध्ये. नावे पाहून जो अंदाज बांधाल, त्याच्या नेमके उलट आहे. प्रत्येक संगणकावर ऑफिस कितीचे आहे हे आधी एका कागदावर लिहून घ्या आणि मगच ड्रायव्हर उतरवा.

रकाना

धागाकर्तींच्या पत्राचा प्रसंग वाचून वाईट वाटले, आणि त्याच अनुषंगाने मला सविस्तर लिहावेसे वाटते, कारण माझ्या अनुभवात आकडे बिघडतात ते जोडणीत नव्हे, तर एक्सेलच्या दारात.

एक्सेल समोर आलेल्या प्रत्येक अक्षरसमूहाचा अर्थ लावते. जे अंकांसारखे दिसते, त्याची ते संख्या करते, आणि संख्येच्या आधीच्या शून्यांना अर्थ नसल्यामुळे ती गळतात. संख्येचे फक्त १५ अंक अचूक राहतात. म्हणून १६ अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक निमूटपणे शून्य होतो, आणि फाइल एकदा जतन केली, की मूळ अंक परत मिळवण्याचा कोणताही उपाय उरत नाही. तारखांचे प्रकरण याहून अवघड आहे. दिवस-महिना-वर्ष या क्रमाची फाइल महिना-दिवस-वर्ष मानणाऱ्या संगणकावर उघडली, तर ३ एप्रिलचा ४ मार्च होतो. परंतु दिवस बारापेक्षा मोठा असेल, तर ती तारीख न समजल्यामुळे मजकूर म्हणूनच राहते. परिणामी एकाच रकान्यात काही चुकीच्या तारखा आणि काही मजकूर असे मिश्रण तयार होते, आणि वर्गवारी केल्यावरही ते पटकन डोळ्यांत भरत नाही. एक्सपोर्ट करताना वर्ष-महिना-दिवस हा आयएसओ ८६०१ चा क्रम निवडता येत असेल, तर तोच निवडावा.

हा त्रास एकट्या कार्यालयांचा नाही. मानवी जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये काही जनुकांची नावेच बदलली, कारण ‘मार्च१’ आणि ‘सेप्ट१’ अशी त्यांची इंग्रजी चिन्हे एक्सेलमध्ये तारखा होऊन बसत. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील कोविडच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी रोजच्या आकड्यांतून सुटल्या. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये भरली जात होती आणि त्या प्रकारात ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नसते. एक्सेल २००७ पासूनच्या नव्या प्रकारात १०,४८,५७६ ओळी मावतात, पण जुने सॉफ्टवेअर आजही जुन्या प्रकारात एक्सपोर्ट करते. आपल्या फाइलच्या नावाचा शेवट एकदा पाहून घ्या : ‘.xls’ हा जुना प्रकार, ‘.xlsx’ हा नवा.

उपाय सांगायचा, तर सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल, दोनदा क्लिक करून कधीही उघडू नये. पॉवर क्वेरी या एक्सेलच्या माहिती आत घेणाऱ्या साधनातून ती आत घ्यावी. एक्सेल २०१६ पासून ही सोय डेटाच्या टॅबमध्ये मिळते. येथेही एक सापळा आहे : सीएसव्ही आत घेतली, की पॉवर क्वेरी पहिल्या २०० ओळी पाहून रकान्यांचे प्रकार स्वतः ठरवते आणि ‘बदललेला प्रकार’ अशी एक पायरी आपोआप जोडते. ती पायरी काढून टाकावी आणि ग्राहक कोड, बीजक क्रमांक, दूरध्वनी, पिनकोड हे सर्व रकाने स्वतः मजकूर म्हणून ठरवावेत. ज्यावर बेरीज-वजाबाकी करायची नाही तो अंकांचा समूह मजकूरच मानावा, असा नियम मी माझ्या सहकाऱ्यांना घालून दिला आहे. २०२३ पासून एक्सेलच्या नव्या आवृत्त्यांत शून्ये गाळणे आणि लांब संख्या कापणे बंद करण्याचा पर्यायही आला आहे. तोही वापरावा, पण केवळ त्याच्यावर विसंबू नये, कारण तीच फाइल दुसऱ्याच्या संगणकावर त्याच्या सेटिंगने उघडते.

देवनागरी नावांबद्दल एक सूचना. यूटीएफ-८ या सर्व लिप्यांच्या अक्षरसारणीतील सीएसव्हीच्या सुरुवातीला ती सारणी ओळखवणारी बीओएम ही खूण नसेल, तर एक्सेल ती थेट उघडताना जुनी अक्षरसारणी गृहीत धरते आणि ग्राहकांची नावे चिन्हांच्या ओळी होतात. हे सुधारता येते. एसक्यूएल सर्व्हरमधील रकाना सर्व लिप्या साठवणाऱ्या एनव्हारचार प्रकाराऐवजी व्हारचार प्रकारचा असेल आणि त्यात देवनागरी मजकूर गेला, तर तेथे सहसा प्रश्नचिन्हे जतन होतात. ते मात्र सुधारता येत नाही, कारण मूळ अक्षरे कोठेच उरलेली नसतात.

जुनी प्रत

मी थोडा वेगळा विचार मांडतो. तो विरोधासाठी नाही, पण थेट जोडणीची बाजूच येथे ठळक होते आहे असे वाटले.

मी बरीच वर्षे महिनाअखेरीचे अहवाल करतो. थेट जोडलेल्या शीटमध्ये ‘रिफ्रेश’ दाबले, की आकडे बदलतात, आणि माझ्या कामात हाच धोका आहे. मार्चअखेरची येणे बाकी मी एप्रिलमध्ये सादर केली आणि मे महिन्यात कोणी मार्चच्या तारखेने एक व्हाउचर घातले, तर थेट जोडलेली शीट मार्चचा नवा आकडा दाखवते. मी सादर केलेला आकडा त्यानंतर कोठेही उरत नाही, आणि मला विचारणा झाली, तर उत्तर देता येत नाही. म्हणून मी आजही तारीख घातलेली प्रत काढतो, ती फक्त वाचता येईल अशी कुलूपबंद ठेवतो आणि पुढच्या महिन्यात तीच तारीख देऊन पुन्हा अहवाल काढून दोन्ही प्रती शेजारी ठेवतो. त्यांतील फरक म्हणजेच मागच्या तारखेने झालेल्या नोंदी. या एका सवयीने मला जेवढ्या चुका दाखवल्या, तेवढ्या कोणत्याही जोडणीने दाखवल्या नाहीत.

त्यामुळे एक्सपोर्टला सरसकट मागासलेला मार्ग मानू नये, असे मला कळकळीने सांगायचे आहे. वसुलीसाठी फोन करणाऱ्याला या क्षणाची बाकी हवी असते, हिशेब सादर करणाऱ्याला ठरलेल्या दिवसाची. कोणता आकडा कोणत्या कामासाठी हवा, हे न ठरवता केलेली थेट जोडणी दोघांचीही गैरसोय करते.

दुवा

‘जुनी प्रत’ यांचा मुद्दा पूर्णपणे मान्य आहे, आणि माझ्या पहिल्या प्रतिसादात तो यायला हवा होता. थेट जोडणीतही तो साधता येतो. व्ह्यूमधून वाचलेल्या ओळी दर महिनाअखेरीस एका वेगळ्या डेटाबेसमधील तक्त्यात ‘कोणत्या तारखेची प्रत’ या रकान्यासह जमा करत गेले, की प्रती फाइलींत विखुरत नाहीत आणि दोन महिन्यांतील फरक एका क्वेरीने, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या एका प्रश्नाने, निघतो. तो डेटाबेस मात्र वेगळाच असावा. सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्ये आपले तक्ते तयार केले, तर पुढच्या अद्ययावतीकरणात ते पुसले जाण्याची किंवा अद्ययावतीकरणच अडण्याची शक्यता असते.

ताळा

वाचणे सुरक्षित आहे, असे वर लिहिले आहे. त्याला एक अट जोडतो, कारण केवळ वाचण्यामुळे एका कार्यालयातील बिलिंग थांबलेले मी पाहिले आहे, आणि ती क्वेरी मीच लिहिली होती.

एसक्यूएल सर्व्हर स्वतः चालवताना, त्याच्या मूळ मांडणीत, वाचणारी क्वेरी ज्या ओळी वाचत असते त्यांवर तेवढ्यापुरते वाचनाचे कुलूप लावते. क्वेरी मोठी असेल, तिला हवा तसा इंडेक्स, म्हणजे ओळी लवकर शोधण्याची सूची, नसेल आणि ती पूर्ण तक्ता चाळत असेल, तर त्याच ओळींत लिहू पाहणाऱ्यांना थांबावे लागते. मी तीन वर्षांच्या विक्रीचा गोषवारा कामाच्या ऐन वेळी मागवला होता. काउंटरवरील सहकारी बीजक जतन करत होते आणि त्यांचा पडदा गोठला होता. कारण कोणालाच कळत नव्हते, कारण मी दुसऱ्या खोलीत फक्त एक एक्सेल शीट उघडून बसलो होतो.

यावर इंटरनेटवर सर्वत्र क्वेरीत ‘नोलॉक’, म्हणजे कुलूप न लावता वाच, असे लिहा असा सल्ला मिळतो. हिशेबाच्या आकड्यांसाठी तो घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. त्यामुळे अजून पक्क्या न झालेल्या नोंदीही वाचल्या जातात, काही ओळी सुटू शकतात आणि काही दोनदा येऊ शकतात. डेटाबेसच्या सेटिंगमध्ये ‘रीड कमिटेड स्नॅपशॉट’ चालू केले, तर वाचणाऱ्याला क्वेरी सुरू होतानाची पक्की आवृत्ती मिळते आणि लिहिणाऱ्याला थांबावे लागत नाही. हे सेटिंग सॉफ्टवेअर देणाऱ्यांना विचारूनच बदलावे. ते शक्य नसेल, तर रात्रीच्या बॅकअपमधून दुसऱ्या सर्व्हरवर एक प्रत उभी करावी आणि मोठे अहवाल तिच्यावरच चालवावेत. कालपर्यंतची माहिती बहुतेक अहवालांना पुरेशी असते.

पायरी

अ‍ॅक्सेसचा विषय मागे राहिला आहे. अ‍ॅक्सेसची एक फाइल जास्तीत जास्त २ गिगाबाइटची होऊ शकते, पण जोडलेले तक्ते सर्व्हरवरच राहत असल्यामुळे ही मर्यादा त्यांना लागू होत नाही. आपल्या सहकाऱ्यांनी माहिती आत घेण्याऐवजी व्ह्यू जोडून घ्यावेत. व्ह्यू जोडताना अ‍ॅक्सेस प्रत्येक ओळ ओळखणारा रकाना विचारते. तो प्रश्न ओलांडून पुढे जाऊ नये. चुकीचा रकाना दिला, तर निरनिराळ्या ओळींच्या जागी एकच ओळ पुन्हा पुन्हा दिसते, आणि संख्या बरोबर असल्यामुळे शंकाही येत नाही.

रवानगीची माहिती, म्हणजे वाहनाचा क्रमांक, पोचपावती, निघण्याची वेळ, ही सॉफ्टवेअरमध्ये नसेल आणि ती अ‍ॅक्सेसमध्ये लिहायची असेल, तर ‘दुवा’ म्हणतात त्या वेगळ्या डेटाबेसमध्ये तिचा तक्ता ठेवावा आणि त्यात रोव्हर्जन प्रकारचा, म्हणजे ओळ बदलली की आपोआप बदलणारा, एक रकाना जरूर असावा. तो नसेल, तर दुसऱ्या कोणी काहीही बदललेले नसतानाही अ‍ॅक्सेस कधी कधी ‘दुसऱ्याने ही नोंद बदलली आहे’ अशी तक्रार करते.

वहीखाते

सर्वांचे मनापासून आभार. एवढ्या तपशिलाने कोणी लिहील, असे वाटले नव्हते. येथे वाचल्याप्रमाणे आम्ही गेल्या काही दिवसांत जे केले, ते सांगते आणि उरलेले दोन प्रश्न विचारते.

सर्वांत आधी आम्ही एका कागदावर प्रत्येक माहितीसमोर तिचे एकच घर लिहिले. नाव, पत्ता, उधारीची मुदत आणि बाकी यांचे घर सॉफ्टवेअर. वसुलीचे शेरे आणि ग्राहकाने दिलेली तारीख यांचे घर आमचा वेगळा डेटाबेस. रवानगीचे घरही तेथेच. एक्सेल आणि वर्ड ही कशाचेच घर नाहीत. हे लिहिताना सहकाऱ्यांशी बराच वाद झाला, विशेषतः पत्त्यावरून, कारण रवानगीचा पत्ता आणि बिलाचा पत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आम्ही आजवर मान्यच केले नव्हते. आता फक्त वाचणारे लॉगिन आणि तीन व्ह्यू मिळाले आहेत, आणि ग्राहक कोड सर्वत्र मजकूर आहे.

पहिला प्रश्न असा, की वर्डच्या मेल मर्जमध्ये रकमेपुढे दशांशाचे दहा-बारा अंक येतात, जरी एक्सेलमध्ये दोनच दिसत असले तरी. दुसरा प्रश्न मोठा आहे. काही ग्राहक त्यांच्या मागण्या आम्हाला एक्सेलच्या ठरलेल्या नमुन्यात पाठवतात. त्या हाताने टाइप न करता सॉफ्टवेअरमध्ये कशा घ्याव्यात?

रकाना

मेल मर्जचे उत्तर सोपे आहे. एक्सेलमधील दोन दशांश हे फक्त दिसण्याचे स्वरूप असते. आत साठवलेली संख्या द्विमान पद्धतीची असते आणि त्या पद्धतीत ०.१ सारखी रक्कमही नेमकी लिहिता येत नाही. वर्ड स्वरूप न घेता आतली संख्या उचलते. एक तर वर्डच्या फील्डमध्ये संख्येच्या स्वरूपाचा स्विच, म्हणजे फील्डमधील एक सूचना, घालावा, किंवा व्ह्यूमध्येच रक्कम दोन दशांशांच्या मजकुरात करून एक वेगळा रकाना पत्रासाठी द्यावा. मी दुसरा मार्ग निवडतो, कारण वर्डचा नमुना कोणी नव्याने केला, की स्विच विसरला जातो.

दुवा

मागण्या आत घेण्याबद्दल लिहितो. येथे आपण खऱ्या अर्थाने लिहिण्याच्या बाजूला येतो, म्हणून सावकाश जावे.

ग्राहकाची फाइल थेट सॉफ्टवेअरकडे पाठवू नये. ती आधी आपल्या वेगळ्या डेटाबेसमधील एका प्रतीक्षा-तक्त्यात यावी. त्या तक्त्यातील सर्व रकाने सुरुवातीला मजकूरच असावेत, म्हणजे कोणतीही ओळ आत येतानाच नाकारली जाणार नाही आणि तिची चूक आपल्याला दाखवता येईल. तेथे तपासणी व्हावी : हा ग्राहक कोड अस्तित्वात आहे का, हा माल आपण विकतो का, नगांची संख्या धन आहे का, तारीख खरोखर तारीख आहे का. ज्या ओळी खऱ्या उतरतील, त्याच सॉफ्टवेअरच्या एपीआयने किंवा त्याच्या स्वतःच्या इम्पोर्टने आत जाव्यात. सॉफ्टवेअरने दिलेला मागणी क्रमांक परत येऊन त्याच ओळीसमोर लिहिला जावा.

हा परत आलेला क्रमांक फार महत्त्वाचा आहे. इंटरनेट मध्येच तुटले आणि मागणी पोहोचली की नाही हे कळले नाही, तर माणूस साहजिकच पुन्हा पाठवतो, आणि एकाच मागणीचा माल दोनदा निघतो. हे टाळण्यासाठी प्रत्येक मागणीला आपल्याकडे येतानाच एक न बदलणारी खूण द्यावी, उदाहरणार्थ ग्राहक कोड आणि त्याचा स्वतःचा मागणी क्रमांक मिळून. ही खूण सॉफ्टवेअरमधील संदर्भाच्या रकान्यात पाठवावी, आणि पाठवण्यापूर्वी त्या खुणेची मागणी आधीच आहे का, हे वाचून पाहावे. तीच फाइल तीनदा आत घेतली तरी मागणी एकच राहिली पाहिजे. ही चाचणी आपण मुद्दाम करून पाहावी, आणि ती सॉफ्टवेअरमधील प्रशिक्षणाच्या, म्हणजे सरावापुरत्या, कंपनीत करावी, चालू हिशेबात नव्हे.

ताळा

आणखी एक सवय लावून घ्यावी. व्ह्यूमधून आलेल्या ओळींची संख्या आणि रकमेची बेरीज रोज एकदा सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या अहवालाशी ताडून पाहावी. दोन आकडे पुरतात, पण ते रोज पाहावेत. एकटी संख्या जुळली म्हणून समाधान मानू नये, कारण एक ओळ सुटून दुसरी दोनदा आली, तरी संख्या जुळते आणि रक्कम चुकीची असू शकते, आणि एकटी बेरीज जुळली तरी ओळी कमी-जास्त असू शकतात.

वहीखाते

‘ताळा’ यांनी सांगितल्याप्रमाणे पहिल्याच दिवशी ताडून पाहिले आणि व्ह्यूची बेरीज सॉफ्टवेअरच्या अहवालापेक्षा जास्त आली. ओळीही अकरा जास्त होत्या. शोध घेतल्यावर कळले, की रद्द केलेली बीजके तक्त्यातून काढली जात नाहीत, त्यांच्या स्थितीच्या रकान्यात फक्त एक अक्षर बदलते, आणि आमच्या व्ह्यूमध्ये ती अट नव्हती. अट घातल्यावर ओळी जुळल्या, परंतु रक्कम अजूनही जुळत नव्हती. तो फरक आगाऊ जमा झालेल्या रकमांचा निघाला. त्या वेगळ्या तक्त्यात आहेत आणि अहवालात वजा होतात. आज सलग तिसऱ्या दिवशी दोन्ही आकडे जुळले.

ही ताडणी केली नसती, तर रद्द बीजकांचीही स्मरणपत्रे गेली असती, हा विचार मनातून जात नाही.

दुवा

फार चांगले काम झाले आहे. रद्द नोंदी आणि आगाऊ रकमा यांच्या दोन्ही अटी व्ह्यूच्या मजकुरातच टिपणीच्या रूपात कारणासह लिहून ठेवा, आणि तिन्ही व्ह्यूंचा संपूर्ण मजकूर तारीख घालून साध्या टेक्स्ट फाइलमध्ये सर्व्हरबाहेर जतन करा. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवताना व्ह्यू नाहीसे होऊ शकतात किंवा त्यांच्याखालचा एखादा रकाना बदलू शकतो, आणि तेव्हा त्या अटी का घातल्या होत्या हे आठवून लिहिण्याची वेळ येऊ नये. नवी आवृत्ती बसेल, त्या दिवशी पहिले स्मरणपत्र निघण्यापूर्वी ‘ताळा’ यांचे दोन आकडे पाहायचे, असे सहकाऱ्यांशी आत्ताच ठरवून ठेवा.

वहीखाते

तिन्ही व्ह्यू टिपणींसह आज जतन केले. मेल मर्जची फाइल आता ताडणीच्या शीटमधील दोन्ही फरक शून्य असल्याशिवाय उघडायची नाही, असे आम्ही तिघांनी ठरवले आहे. मागण्यांचा प्रतीक्षा-तक्ता पुढच्या आठवड्यात प्रशिक्षणाच्या कंपनीवर करून पाहणार आहोत. एकच फाइल तीनदा घालून काय होते, ते येथे कळवते.